पिवळ्या चकतीखाली

५ सप्टेंबर

धाकट्या,

सुरुवातीला काय लिहावं यापायी दोन कागद फाडले. 'प्रिय' लिहवेना, आणि दुसरं जे सुचलं ते पोस्टमनच्या हाती द्यायच्या लायकीचं नव्हतं. तेव्हा तू जो आहेस तेवढंच लिहिलं आहे.

तुझ्या मासिकाचा अंक पाहिला. तू सही करून पाठवलास तो नंतर आला. त्याआधीच ह्यांच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक तो काखेत मारून आलं होतं. डोळे तपासायच्या खुर्चीत बसून म्हणालं, "ही तुमचीच मुलगी ना हो? अगदी जाहिरातीतल्यासारखी दिसते. मान दुखतेय का पण तिची?" ह्यांनी भिंगं बदलता बदलता कव्हर पाहिलं. ह्यांना राग येत नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाला चुकीचा नंबर लिहून दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच मला हा माणूस संतापलेला दिसला, आणि तोही दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन नंबर बदलून देऊन आला.

मी तशी नाही. मी काही बदलून देणार नाही.

तुझं कव्हर तुलाच सांगते, कारण ते बनवणाऱ्याला दिसलेलं नाही असं माझं मत झालं आहे. तुझी भाची उभी आहे, वय पंधरा. उजवा हात मानेजवळ, कोपर उचललेलं, हनुवटी किंचित वर. डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. ओठांवर हसू. आणि त्या हातात, जिथे तीन किलोचा लोखंडी गोळा आहे, ज्याच्यामुळे तो हात तसा आहे, ते कोपर तसं आहे, ती हनुवटी तशी आहे, नेमकी तिथे तू एक पिवळी चकती छापली आहेस. 'आत लिपग्लॉस मोफत!'

गोळा गेला. मग उरलं काय? मानेवर हात ठेवून, मान वेळावून जगाकडे बघत लाडात हसणारी मुलगी. लोखंड काढून घेतलंस आणि नखरा तेवढा ठेवलास. तो नखरा तिचा नव्हताच, तुझ्या चकतीतून जन्मला. आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून तिच्या कोपराला टेकून गुलाबी अक्षरांत प्रश्न: 'नाजूक दिसायचंय? फक्त सात दिवस!' त्या कोपराशेजारी! मुलगी दोन वर्षं पहाटे उठून दंड कमावते आहे, तिच्याच दंडावर तू नाजूकपणाची पाटी लटकवलीस. भर चौकात एखाद्याचा खिसा कापावा आणि त्याच्याच पाठीवर चोराची जाहिरात चिकटवावी, तसं झालं हे.

आत मुलाखत आहे म्हणशील. आहे. शेवटून दुसऱ्या पानावर, शब्दकोड्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यात गोळाफेक हा शब्द आहे खरा. पण तिथवर पोचतो कोण? शाळेतली मुलं तर पोचली नाहीत. ती पोचली मानेपाशी. आपली गोटी शाळेच्या व्हरांड्यातून निघाली की दोन्ही बाजूंची पोरं मानेवर हात ठेवून उभी राहतात. "काय गं, मान अवघडली का?" तिचं नाव आता लिपग्लॉस आहे. बाई हजेरी घेतात तेव्हाही मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "लिपग्लॉस, हजर" म्हणतं.

तिने सराव सोडला आहे. कोचबाईंना सांगितलंय, मान दुखते. म्हणजे जी थट्टा झाली तीच सबब करून घरी बसली आहे. महिनाअखेरीला संघाची निवड चाचणी आहे. मागच्या वेळी पंज्याभराने हुकली होती. या वेळी हुकली तर ती पुन्हा गोळा उचलेल असं मला वाटत नाही.

मला माफीनामा नको. चित्र हवं. पुढच्या अंकावर, तेवढ्याच आकारात, तोच फोटो, चकतीशिवाय. ज्या चौकात नाक कापलं गेलं त्याच चौकात ते परत लागलं पाहिजे.

मी विनंती करत नाही.

ताई


१२ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. टाइप केलेलं, ऑफिसच्या कागदावर, वर मासिकाचं रंगीत नाव. बहिणीला लिहितानाही तुला मथळा लागतो.

तू लिहितोस, "ताई, अंक स्टॉलवर असतो, तुझ्या वाचनालयात नाही. मुलगी बसची वाट बघत असते, मैत्रिणींशी बोलत असते. नजर येते आणि सरकते. तेवढ्यात काय ते करायचं असतं." पुढे लिहितोस, "चकती कुठेतरी लावावीच लागते. चेहऱ्यावर लावता येत नाही, मासिकाच्या नावावर लावता येत नाही. तिथे एक गोल काळा डाग होता, छपाईत तो मेलेला दिसत होता."

गोल काळा डाग!

हे वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दोनदा पाणी प्यायले. मला वाटत होतं, तू जाणूनबुजून केलंस. विक्रीवाल्यांनी दबाव आणला, तू नमलास, रात्रभर झोप लागली नाही, असं काहीतरी. तेवढं मोठेपण मी तुला मनातल्या मनात देऊन बसले होते. आणि तुला तो डाग वाटला! भाची कशासाठी घाम गाळते हे ठाऊक असलेला मामा, रोज चित्रं बघून पोट भरणारा माणूस, त्याला लोखंडाचा गोळा डागासारखा दिसला आणि त्याने तो झाकून टाकला.

'तू कधी स्टॉलसमोर उभी राहिली आहेस का,' असंही विचारलं आहेस. राहिले. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी बसथांब्याजवळच्या स्टॉलवर गेले. स्टॉलवाला शेवटी म्हणाला, "मावशी, घेणार आहात का नुसतीच राखण करताय?" मी म्हटलं, राखणच करतेय. अंक एकावर एक चढवून लावलेले असतात, प्रत्येकाची वरची पट्टी तेवढी दिसते. म्हणजे नाव आणि डोळे. शाळा सुटलेल्या मुली आल्या. तू म्हणतोस तसंच झालं. बोलता बोलता नजर डोळ्यांवर अडकली, हात पुढे आला, अंक ओढला, मग चकती, मग प्रश्न. "ए, सात दिवस बघ!" एक म्हणाली. दुसरीने लगेच स्वतःच्या दंडाभोवती बोटांचा वेढा घालून पाहिला. बोटं जुळली नाहीत तसा तिने हात मागे लपवला.

तुझी कारागिरी चोख आहे, हे मान्य करते. म्हणून तर माझा संताप दुप्पट झाला. अडाण्याच्या हातून झालं असतं तर सोडून दिलं असतं. तुला माहीत आहे की या वयात मूल आरशासमोर उभं राहून विचारत असतं, मी कशी दिसते? तू तो प्रश्न आरशातून उचलतोस, त्याला गुलाबी रंग देतोस आणि त्यांनाच विकतोस. आणि प्रश्नातच उत्तर पेरून ठेवतोस: तू जशी आहेस तशी चालणार नाहीस.

आणि मला टोमणा मारतोस, "तूही भाषणाची सुरुवात प्रश्नानेच करतेस." करते. पण मी प्रश्न विचारते तेव्हा समोर उभी असते. लोक उठून बोलतात, ओरडतात, एकदा तर एकाने चप्पल दाखवली होती. मी त्यालाही उत्तर दिलं. तुझ्या कव्हरला उलटून कुठली पोरगी बोलणार?

आपलं हस्तलिखित आठवतं? मी लिहायची, तू कव्हर करायचास. तू आठ-नऊ वर्षांचा असशील. गोष्ट पुरी झाल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाहीस. मी अर्धी गोष्ट दिली तर परत करायचास: "शेवट काय ते सांग, मग काढतो." आणि मागच्या वेळी आमच्याकडे जेवताना तूच मोठ्या ऐटीत सांगत होतास, आता कव्हर आधी ठरतं, लेख नंतर लिहून घेतात. तेव्हा मी हसले होते. माझंही चुकलंच.

आता जे खरं सांगायचं आहे ते.

काल कोचबाई घरी आल्या. गोटी खोलीत कडी लावून बसली होती. बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाला मी त्या दिवशी मैदानावर बघितलं. फोटोवाला म्हणत होता, बाळ, हस. ती कुठली हसते? ती गोळाफेकीच्या वर्तुळात उतरली की तिला मीसुद्धा दिसत नाही."

मी विचारलं, "मग त्या फोटोत ती हसली कशी?"

"त्यांनी हाक मारली ना."

"कुणी?"

"मामाने. 'ए गोटी!' म्हणून. तशी वळली आणि हसली. फोटोवाल्याने तेवढंच पकडलं."

धाकट्या, तिला गोटी म्हणणारा पहिला माणूस तू. अंगणात गोट्या खेळताना ती खेळायचं सोडून त्या भिंतीवर मारायची, तेव्हा तू ते नाव ठेवलंस. त्या हाकेला ती जिथे असेल तिथून धावत यायची. ते हसू वाचकांसाठी नव्हतं. तिला माहीतच नव्हतं की तिथे कुणी वाचक आहे. तिला फक्त मामा दिसला. आणि तू ते हसू उचललंस आणि प्रत्येक स्टॉलच्या वरच्या पट्टीत लावलंस, कारण तुला डोळे हवे होते.

चकती तू झाकायला लावलीस. पण हाक? ती तू कशासाठी वापरलीस, हे मला टाइप न करता कळव.

ताई

ता.क. शाळेत मी थोडं बोलून आले आहे. त्याचा इथे संबंध नाही.


१९ सप्टेंबर

धाकट्या,

पत्र नाही, मोठं पाकीट आलं. आत पुठ्ठ्यांमध्ये तो फोटो, मूळचा, दाराएवढा नाही पण खिडकीएवढा नक्की. गोळा आहे. काळा, जड, तिच्या मानेला टेकलेला. पुठ्ठ्यामागे पेन्सिलीने "गोटीला, मामाकडून." एवढंच.

फोटो सुंदर आहे. हे लिहिताना माझे दात आवळले जात आहेत, पण आहे.

आणि तो काय कामाचा? हजारो पोरींनी चकती पाहिली, गोळा पाहणार कोण? मी, हे, आणि दूध टाकायला येणारे काका. नाक चौकात कापायचं आणि मलम पोस्टाने घरी पाठवायचं! 'संपादक ऐकत नाहीत, विक्रीवाले ऐकत नाहीत, मी नोकर माणूस,' हे तू फोनवर ह्यांना सांगितलंस म्हणे. मला फोन करायची हिंमत नव्हती. ह्यांनी फक्त "हं, हं" केलं आणि फोन ठेवून म्हणाले, "रडत होता." मी म्हटलं, रडू दे.

गोटीने फोटो पाहिला. हात लावला नाही. मग भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. मी बोलायला सुरुवात केली. बोलत गेले. तुझ्यावर, बाजारावर, त्या स्टॉलवर. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आई, तू शाळेत काय केलंस ते मामाला लिहिलंस का?"

मी म्हटलं, थोडं लिहिलं.

"थोडं?"

तर लिहिते. मी मुख्याध्यापिकांकडून प्रार्थनेनंतरची वेळ मागून घेतली होती. व्यासपीठावर उभी राहिले, अंक डोक्यावर धरला आणि बोलले. चांगलं बोलले. मागच्या रांगेपर्यंत शांतता होती. शिक्षिकांचे डोळे ओले झाले. टाळ्या पडल्या. गोटी तिसऱ्या रांगेत उभी होती आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण बोलताना मी गर्दीकडे बघते.

ती मला म्हणाली, "मामाने एकदा दाखवला. तू तो वर धरून पुन्हा सगळ्यांना दाखवलास. ज्यांनी घेतला नव्हता त्यांनासुद्धा."

मग म्हणाली, "तुम्ही दोघं भाऊबहीण शोभता."

हे वाक्य तुला पाठवते आहे, कारण अर्धं तुझं आहे. माझं अर्धं मी ठेवून घेतलं. पण यामुळे तू सुटलास असं मात्र समजू नकोस. मी चुकले म्हणून तुझी चकती पारदर्शक होत नाही.

उद्या ती कोचबाईंना बूट परत द्यायला जाणार आहे. वर्तुळात घालायचे ते बूट, शाळेचे. परत दिले की संपलं. चाचणी आठवड्यावर आली आहे. मी काही बोलायचं नाही असं तिने बजावलंय. बोलल्याशिवाय कसं राहतात, ते मला या वयात शिकावं लागणार.

ताई


२१ सप्टेंबर

धाकट्या,

सोबत एक अंक आहे. तुझाच. आधी पत्र वाच, मग उघड.

काल संध्याकाळी गोटी बूट घेऊन मैदानावर निघाली. मी दहा पावलं मागे. मैदानावर कोचबाई जाळीपाशी मापाची पट्टी गुंडाळत होत्या. गोटीने बूट पुढे केले. बाईंनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "ठेव बाकावर. मला हात मोकळे नाहीत." मोकळे होते. मी पाहिले.

गोटी बाकाकडे वळली तर तिथे एक मुलगी बसलेली. बारा-तेरा वर्षांची, दुसऱ्याच शाळेच्या गणवेशात, गुडघ्यावर खरचटलेलं. हातात तुझा अंक, गुंडाळून नळी केलेला. ती उभी राहिली.

"तू ती आहेस ना?"

"नाही," गोटी म्हणाली.

"आहेस. कोपर तेच आहे."

धाकट्या, तिने कोपर ओळखलं. डोळे नाही, हसू नाही. तू डोळ्यांसाठी एवढा आटापिटा केलास आणि त्या पोरीने कोपर लक्षात ठेवलं.

पोरीने अंक उलगडला. कव्हरवर चकतीच्या जागी कागद खरवडून निघाला होता. पिवळं गेलं होतं, अक्षरं गेली होती, पांढरे धागे वर आले होते आणि एका जागी भोक पडलं होतं.

"मला वाटलं हे वरून चिकटवलंय. नखाने काढायला गेले तर कागदच निघाला. याच्याखाली काय आहे?"

"का?"

"माझा दादा म्हणतो, काही नाही, मान चोळतेय. मी म्हटलं, तू चोळून दाखव मान. चोळताना दंड असा फुगतो का? त्याचा नाही फुगला." मग जरा घाबरून, "काहीतरी जड आहे ना?"

मी जाळीला धरून उभी होते. माझ्या तोंडात किमान अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं. मी एक अक्षर काढलं नाही. खरं वाटत नसेल तर कोचबाईंना विचार. त्यांनाही वाटलं नाही.

गोटी म्हणाली, "गोळा आहे."

"कसला?"

"लोखंडाचा."

"खरा?"

"मग काय, साबणाचा?"

आणि हसली. कुणी हाक न मारता.

मग पेटीतून गोळा काढून तिने त्या पोरीच्या हातावर ठेवला. पोरगी "आई गं" करून कमरेत वाकली, पण सोडला नाही. गोटी म्हणाली, "तळहातावर नाही, बोटांच्या मुळांशी घे. हं. आता मानेला लाव. थंड लागेल."

"लागलं!"

"कोपर वर. हनुवटी वर. आता इकडे तिकडे बघायचं नाही."

"मग कुठे बघायचं?"

"कुठेच नाही. तो पडेल तिथे."

पोरीने फेकला. तिच्याच पायाशी पडला. गोटी म्हणाली, "थांब, दाखवते," आणि खाली बसून बूट घालू लागली. नाड्या बांधताना तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी आभाळाकडे बघितलं. पुढचं तुला काय सांगू, मला त्या खेळातलं कळत नाही. मला एवढंच दिसलं की ती वर्तुळात गेली, पाठमोरी वाकली, आणि सगळं अंग एखाद्या दारासारखं धाडकन उघडलं. कोचबाईंनी गुंडाळलेली पट्टी परत उलगडली. माप घेतलं, कुणाला सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, "मान बरी दिसतेय."

"बरी आहे," गोटी म्हणाली.

शाळेत तिला अजूनही लिपग्लॉस म्हणतात. आज सकाळी एकाने मानेवर हात ठेवला. तिने त्याला विचारलं, "रिकामाच धरलायस?" पोरगा गोंधळला. एवढंच झालं. जग सुधारलं नाही.

तू सही करून पाठवलेला कोरा अंक गोटीने त्या पोरीला दिला आणि तिचा मागून घेतला. तोच सोबत आहे. आता उघड आणि बघ. तू लिहिलं होतंस ना, नजर येते आणि सरकते? ही नजर सरकली नाही. ही पोरगी घरी जाऊन तुझ्या चित्राशी भांडली, भावाशी भांडली, नखाने कागद फाडला, आणि पत्ता काढत दुसऱ्या शाळेच्या मैदानावर आली. हा तुझा वाचक आहे. तू त्याला मूर्ख समजून कव्हर करतोस आणि तो तुझ्यापेक्षा जास्त वेळ चित्र बघतो. मला तुझा सगळ्यात मोठा राग आता याचा आहे. चकतीहूनही जास्त. हा अंक टेबलावर ठेव, विक्रीवाल्यांना दाखव, आणि ते हसले तर त्यांनाही मान चोळून दंड फुगवून दाखवायला सांग.

पुढच्या अंकाची माझी मागणी मी मागे घेते. माझ्या मनाने नाही. गोटी म्हणाली, "मला परत कव्हरवर यायचं नाही. मामाला सांग, पुढच्या मुलीच्या हातात काय आहे ते आधी विचार म्हणावं." मी तिला म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, एवढं तो करेल का ते आधी बघू.

तर करशील का? हो किंवा नाही. तुझ्या हाताने लिही.

तो मोठा फोटो अजून भिंतीकडेच तोंड करून आहे. आज मी केर काढताना सरळ केला तर तिने परत फिरवला. म्हणाली, "चाचणीनंतर ठरवते." मी तिला काही विचारलं नाही. शिकते आहे.

चाचणी रविवारी सकाळी आहे. हे येतील, मी येईन, आणि मी गप्प बसेन असं मी लिहून दिलं आहे. तुला कुणी बोलावलेलं नाही. पण मैदान सगळ्यांना उघडं असतं. आलास तर कॅमेरा घरी ठेवून ये. जाळीच्या मागे उभा राहा. तिला हाक मारावीशी वाटेल, ती मारू नकोस. गोळा पडू दे. पट्टी लावू दे. आकडा वाचू दे. मग मार.

वळायचं की नाही, ते तिचं ती बघेल.

ताई